पायगाडीचे शहर

पुण्यातील सायकलीच्या इतिहासात २०१७ हे वर्ष मोठे चमत्कारिक ठरले आहे. त्या वर्षी कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय लोकांसाठी उघडले. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बी. एस. ए. कंपनीने घडवलेली, मधोमध दुमडणारी सायकल तेथे पाहायला मिळते. तिच्या भोवती जुने दिवे, घंटा, पंप असा सारा गोतावळा मांडलेला आहे. त्याच वर्षी डिसेंबरात पुणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. ८०० किलोमीटरांहून अधिक लांबीच्या सायकलमार्गांचे जाळे आणि ३०० कोटी रुपयांहून अधिक खर्च असा त्याचा विस्तार होता. एखादी वस्तू संग्रहालयात गेली म्हणजे ती व्यवहारातून उठली, असे समजण्याची रीत आहे. आणि आराखडा होतो तो जे अजून यायचे आहे त्याचा. पुण्याची सायकल अशी एकाच वर्षी भूतकाळात जमा झाली आणि भविष्यकाळातही नोंदली गेली. वर्तमानकाळात ती चालवणाऱ्या माणसाची नोंद मात्र या दोन्ही ठिकाणी नव्हती.

‘सायकलींचे शहर’ ही पुण्याची ओळख स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशके सर्वतोमुखी होती. विद्येचे माहेरघर, पेन्शनरांचे शहर, या बिरुदांच्या रांगेतच ती बसवली जाई. परंतु हे बिरुद ज्या काळात खरे होते, त्या काळात शहरात सायकलीसाठी राखलेला असा मार्ग जवळजवळ नव्हताच. जेव्हा मार्ग आखले गेले, त्यांवर रंग चढला, फलक लागले, तेव्हा त्यांवरून जाण्यास सायकली उरल्या नव्हत्या. या उलट्या क्रमाचा उलगडा केल्याविना पुण्यातील सायकल-चळवळीचे यशापयश तोलता येणार नाही. हा उलगडा केवळ रस्त्यांच्या रुंदीत सापडत नाही. तो सायकल कोणाची होती, ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, या प्रश्नाशी निगडित आहे.

मराठी मुलखातील सायकलीची जन्मकथा पुण्यापासून दूर, बेळगावात सुरू होते. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने दोन समान चाकांची आणि साखळीने फिरणारी सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. हे १८८८ सालच किर्लोस्कर उद्योगाचे आरंभवर्ष म्हणून मानले जाते, आणि तो उद्योग सायकलीपासूनच सुरू झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत यांत्रिक चित्रकला शिकवीत असत. तेथून ते सायकली बेळगावास पाठवीत आणि त्यांचे ज्येष्ठ बंधू रामूअण्णा त्या विकत. नुसती विक्री करून भागण्यासारखे नव्हते, कारण विकत घेणाऱ्यास तिच्यावर बसताच येत नसे; तेव्हा रामूअण्णा शिकवणीही देत. त्या घराण्याच्या आठवणींत सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये आणि शिकवणीची फी पंधरा रुपये अशी सांगितलेली आहे. मास्तराचा पगार तेव्हा किती असे, हे ज्यास ठाऊक आहे त्यास या आकड्यांवर वेगळे भाष्य करावे लागणार नाही. पायगाडी, हे तिला मराठीने दिलेले नाव, त्या किमतीस न शोभणारे होते. पायी चालणाऱ्याच्या आवाक्यात यायला तिला पुढे अर्धशतक लागले.

या दुकानाचे पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. सायकल दुरुस्त करता करता कडबा कापण्याचे यंत्र आले, नांगर आला, नगरपालिकेला जागा हवी झाली म्हणून बेळगाव सोडावे लागले, आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. साहित्याच्या अभ्यासकाने येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. याच कारखान्याच्या प्रचारासाठी शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ आणि नंतर ‘मनोहर’ निघाले. मराठी मध्यमवर्गाच्या घरांत नवे विचार ज्या मासिकांतून शिरले, त्यांची वंशावळ काढत गेल्यास ती बेळगावच्या सायकल-दुकानाच्या उंबऱ्यापाशी पोचते. यंत्र आधी येते आणि त्याच्यामागून त्याचे वाङ्मय येते, हा क्रम मराठीत इतक्या स्वच्छपणे अन्यत्र क्वचितच दिसेल.

पुण्यात सायकल रुजली याला भूगोलाचा मोठा हात होता. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरचे हे शहर. हवा सौम्य, पाऊस मुंबईच्या मानाने थोडा, आणि मुठेच्या दोन्ही काठांवरची वस्ती बरीचशी सपाटीवर. टेकड्या आहेत, परंतु त्या कडेला. शनिवारवाड्यापासून फर्ग्युसन महाविद्यालय काय, स्वारगेट काय किंवा लष्करचा भाग काय, सारे तीन-चार किलोमीटरांच्या टप्प्यात. चालायला थोडे लांब आणि टांगा करायला थोडे जवळ, असे हे अंतर सायकलीसाठीच मोजून ठेवल्यासारखे होते. शिवाय शहराचा पोटापाण्याचा व्यवहारच सायकलीला अनुकूल होता. फर्ग्युसन, स. प., अभियांत्रिकी, शेतकी अशा महाविद्यालयांत बाहेरगावाहून येणारे विद्यार्थी, सरकारी कचेऱ्यांतील कारकून, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार, छापखान्यांतील जुळारी, या सर्वांना ठरल्या वेळी ठरल्या जागी पोचायचे असे आणि रोजच्या भाड्याला पैसे नसत. बसगाड्या होत्या, पण थोड्या. आधी त्या ‘सिल्व्हर ज्युबिली’ या खाजगी कंपनीच्या होत्या. १९५० साली महानगरपालिका झाली आणि बससेवा तिच्याकडे आली. तोवर पुणेकराने आपली व्यवस्था आपणच करून घेतलेली होती.

प्रारंभी रॅले, हंबर, फिलिप्स, हर्क्युलिस, बी. एस. ए. अशी विलायती नावे घराघरांत तांब्यापितळेच्या भांड्यांच्या घडणावळीप्रमाणे चर्चिली जात. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मुंबईत हिंद सायकल आधीच निघत होती; मद्रासेस टी. आय., आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियानास हीरो असे कारखाने पाठोपाठ उभे राहिले. देशी पोलादाची काळी, वजनदार, उंच दांडीची सायकल ही या कारखान्यांची देणगी होय. ती देखणी नव्हती. परंतु तिच्यावर बायको पुढे-मागे, मूल दांडीवरच्या छोट्या सीटवर, हँडलला भाजीची पिशवी आणि कॅरियरला दप्तर, एवढा संसार रेटता येई. कॉलेजात गेल्यावर मिळालेली सायकल बापाच्या निवृत्तीपर्यंत पुरे आणि मग मुलाकडे जाई. हुंड्यात, बक्षिसात, पहिल्या पगारात तिला मान होता.

ज्यांना तीही परवडत नसे, त्यांच्यासाठी तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. या दुकानांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही आणि तो लिहिला जाणे अगत्याचे आहे. कारण सामान्य माणसाचे यंत्रशिक्षण तेथे झाले. फळीवर खडूने वेळ मांडून ठेवलेली असे. मुले पंचवीस-तीस मिनिटांची सायकल घेत आणि मधल्या दांडीखालून पाय घालून, तिरपी होत, अर्धे पायडल मारीत ती शिकत. गुडघे फुटत. भाड्याची सायकल फुटली तर मात्र घरी सांगण्याची सोय नसे. दुकानाच्या दारात पाण्याचे घमेले, त्यात ट्यूब बुडवून बुडबुड्यांवरून भोक शोधणारा पोरगा, रबराच्या तुकड्यावर घासले जाणारे कानस, सोल्यूशनचा वास, आणि चाकाचा ‘आउट’ काढताना एकेक तार पिळून कान लावणारा म्हातारा कारागीर, ही दृश्ये दोन पिढ्यांच्या स्मृतीत आहेत. या कारागिराला शाळेचा दाखला लागत नसे. जातीने ठरलेला हा धंदा नव्हता. यंत्र नवे, म्हणून त्याची जातही नवी. ज्याने हात काळे करायची तयारी दाखवली तो सायकलवाला झाला. जुन्या पेठांच्या वाटण्या झालेल्या शहरात ही गोष्ट लहान नव्हती.

सायकलीवर चालणारे व्यवसायही एक का होते! पहाटे वृत्तपत्रे, मग दुधाच्या चरव्या, पाववाला, टपाल, दुपारी कल्हई, आणि सायकल स्टँडवर उभी करून तिचेच पायडल मारीत सहाणेचे चाक फिरवणारा धारवाला. या शेवटच्याची युक्ती पाहण्यासारखी असे. जी सायकल त्याला गल्लीत आणी, तीच जागच्या जागी उभी राहून त्याचे यंत्र होई.

स्त्रियांच्या बाबतीत सायकलीने केलेले काम वेगळ्या परिच्छेदाचे अधिकारी आहे. नऊवारीत सायकल अवघड, पाचवारीत जपून. दांडी नसलेली, मागच्या चाकाला जाळी लावलेली ‘लेडीज सायकल’ आली आणि महाविद्यालयीन मुलींना स्वतःच्या वेळेवर घराबाहेर पडता येऊ लागले. प्रारंभी टीका झाली. ती व्हायचीच होती. परंतु आई-बापांनी ती परवानगी दिली, याचे कारण सुधारणावादच होता असे समजण्याचे कारण नाही. टांग्याचे भाडे वाचत होते. सुधारणा काटकसरीच्या दाराने घरात आल्याची उदाहरणे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि हे त्यांपैकी एक. धोंडो केशव कर्वे हिंगण्याच्या माळावरून शहरात पायी येत. त्यांच्या संस्थेच्या पुढच्या पिढ्यांतील विद्यार्थिनींना ते अंतर सायकलीने तोडता आले. त्यांच्या स्नुषा इरावतीबाई पुढे पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणून गाजल्या, तेव्हा रस्त्याला स्त्रीच्या हातातले हँडल अगदीच अनोळखी राहिले नव्हते.

रस्त्याचा कायदा मात्र सायकलस्वाराला सोडत नसे. रात्री दिव्याविना जाणे आणि डबलसीट बसणे हे दोन्ही गुन्हे होते आणि चौकातला पोलीस दिसताच मागचा स्वार उडी टाकून चालू लागे; रॉकेलचा दिवा विझला तर स्वारही उतरून सायकल हाती धरून चाले, कारण चालणाऱ्याला दिवा लागत नसे. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये वाहने, नावा आणि जनावरे यांवरील कर सांगितलेला आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत सायकलीच्या कराचा धातूचा बिल्ला मिळे आणि तो पुढच्या नळीला अडकवावा लागे. या बिल्ल्याला लोक शिव्या देत. तथापि त्यात एक गोम होती. बिल्ला होता तोवर नगरपालिकेच्या वहीत सायकल होती. पुढे तो कर मागे पडला, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि सायकल मोजली जाणेच थांबले. मोटारवाहनांची नोंदणी परिवहन कार्यालयात होते, दरवर्षी त्यांचे आकडे छापले जातात, त्या आकड्यांच्या आधारे पूल आणि रस्ते मागितले जातात. सायकलीचा असा आकडा नाही. तिच्या ऱ्हासाचा आलेख काढायला बसलेल्या माणसाजवळ जमेची बाजूच कोरी असते, आणि नियोजनाच्या टेबलावर ज्याचा आकडा नाही त्याचा हक्कही सांगता येत नाही.

ऱ्हासाचे कारण म्हणून सामान्यतः ‘समृद्धी’ या एका शब्दाकडे बोट दाखवले जाते. ते अर्धवट आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पुराने उठवलेल्या कुटुंबांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. जे वाड्यात भाडेकरू होते ते संस्थेचे सभासद झाले, आणि कचेरी, बाजार, शाळा मात्र जुन्याच ठिकाणी राहिल्या. त्याच सुमारास पिंपरी, चिंचवड, आकुर्डी येथे कारखाने उभे राहत होते. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना १९५० च्या दशकातला. त्यामागून बजाज आणि टेल्को आले. घर आणि काम यांच्यातले तीन-चार किलोमीटरांचे अंतर पंधरा-वीसवर गेले. पाळीच्या भोंग्याबरोबर हजारो सायकली फाटकातून बाहेर पडण्याचे जे दृश्य खडकीत शोभत होते, ते आकुर्डीस टिकणे शक्य नव्हते. शहराची रचना बदलली आणि सायकलीच्या पायाखालची जमीन लांब झाली.

आणि मग यंत्र आले, तेही बाहेरून नव्हे. पुण्याच्या सायकलीला रस्त्यावरून हटवणारी वाहने पुणेकरांनीच घडवली, हा या इतिहासातला सर्वांत बोचरा भाग आहे. बजाज कंपनीने आकुर्डीस व्हेस्पा स्कूटर परवान्याखाली बनवली; तो करार संपल्यावर १९७२ साली ‘चेतक’ आली. तिच्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. त्याच १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने ‘लूना’ बाजारात आणली, आणि सायकलीवर खरा घाव तिने घातला. कारण लूना ही स्कूटरची धाकटी बहीण नव्हती, ती सायकलीचीच थोरली बहीण होती. तिला पायडल होते. पेट्रोल संपले तर ते मारीत घरी जाता येई. सायकल येणाऱ्यास ती वेगळी शिकावी लागत नसे. किमतीने कारकून, शिक्षक, परिचारिका यांच्या हप्त्यात बसणारी अशी ती होती. एखाद्या घरात चेतक आली तर सायकल जिन्याखाली राहत असे. लूना आली की सायकल विकली जाई. १९८४ नंतर कायनेटिक होंडासारख्या गिअर नसलेल्या गाड्या आल्या आणि मुलींची सायकलही गेली.

सायकल सोडणाऱ्याला दोष देण्याची रीत सायकलप्रेमी लेखनात आढळते. ती न्याय्य नाही. पन्नाशीत गुडघे दुखणाऱ्या, दोन वेळा पर्वतीचा चढ चढून जाणाऱ्या, वेळेवर बस न मिळणाऱ्या माणसाने लूना घेतली तर त्याने काही पाप केले नाही. प्रश्न निराळा आहे. मध्यमवर्ग सायकलीवरून उतरला तेव्हा सायकलीची प्रतिष्ठाही बरोबर घेऊन उतरला. मागे राहिले ते बांधकामावरचे गवंडी, इस्त्रीवाले, रखवालदार, भंगार गोळा करणारे, घरकामाच्या बाया. आणि आता त्यांच्या शेजारून जाणारे वाहन दहापट वेगाचे होते. सायकलींच्या गर्दीत सायकल सुरक्षित होती, तिला मार्ग लागत नव्हता, कारण सारा रस्ताच तिच्या वेगाने चालत होता. गर्दी गेली आणि ती एकटी पडली. एकट्याला संरक्षण लागते.

हे संरक्षण मागणारी संघटित वाणी पुण्यात १९८० च्या दशकापासून ऐकू येऊ लागली. सुजित पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘परिसर’ या संस्थेचे नाव या संदर्भात प्रथम घ्यावे लागते. टेकड्या, नद्या आणि झाडे यांच्यासाठी झगडताना या मंडळींच्या लक्षात आले की शहराच्या पर्यावरणाचा प्रश्न अखेरीस रस्त्यावर येऊन थांबतो. उड्डाणपूल बांधल्याने वाहतूक सुटत नाही, ती पुढच्या चौकात साचते. माणसे हलवायची आहेत, वाहने नव्हेत. पादचारी, सायकलस्वार आणि बसचा प्रवासी यांना आधी जागा द्या, हे त्यांचे म्हणणे त्या काळी विक्षिप्तपणाचे वाटे. पुढे २००६ साली केंद्र शासनाच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात जवळपास हेच शब्द अधिकृत भाषेत उतरले. नंतरच्या काळात ‘जनवाणी’, ‘सेव्ह पुणे ट्रॅफिक मूव्हमेंट’ यांसारख्या संस्थांनी या मागणीस आपापल्या परीने बळ दिले. निवेदने, हरकती, अर्थसंकल्पाचे वाचन, फूटपट्टी घेऊन रस्त्यावर मोजणी, असे हे काम. मराठी सार्वजनिक जीवनात अर्ज-विनंत्यांची जी जुनी परंपरा आहे, तिचेच हे अलीकडचे रूप म्हणता येईल.

जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेचा पैसा आला आणि डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर जलद बससेवा सुरू झाली. तिच्या कडेने सायकलमार्गही आखले गेले. कागदावर ते अखंड दिसत. प्रत्यक्षात विजेचे खांब, झाडे, वीजपेट्या, टपऱ्या, उभ्या केलेल्या मोटारी असे सारे त्यांत नांदत होते; चौक आला की मार्ग संपे, आणि नेमका चौकच सायकलस्वाराच्या जिवाला धोक्याचा. मार्ग चढायला उंच, उतरायला तीव्र. ज्याने ते बांधले त्याने त्यावरून सायकल चालवून पाहिलेली नसावी, एवढेच सौजन्याने म्हणता येईल. सायकलस्वार पुन्हा मुख्य रस्त्यावर उतरला, आणि मग ‘मार्ग दिला तरी हे वापरत नाहीत’ असे म्हणायला सर्वांना सवड मिळाली.

येथे हॉलंडचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि बहुधा चुकीच्या अर्थाने. डच माणूस मुळातच सायकलवेडा, असे गृहीत धरून आपल्याकडील उदासीनतेवर ठपका ठेवला जातो. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅमच्या रस्त्यांवरूनही मोटारींनी सायकलीला हटवण्यास प्रारंभ केला होता. १९७० च्या दशकात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांची संख्या पाहून तेथील आई-बाप रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली, १९७३ च्या तेलटंचाईने शासनाचे डोळे उघडले, आणि मग मार्ग झाले. तेथे मागणी करणारा आणि सायकल चालवणारा एकाच घरातला होता. पुण्यात मागणी करणारा बहुतेक वेळा सायकल सोडून आलेल्या किंवा हौसेने तिच्याकडे परतलेल्या वर्गातला होता; जो रोज चालवत होता तो महापालिकेच्या सुनावणीस येत नव्हता, कारण सुनावणी कामाच्या वेळी असे आणि त्याचा खाडा झाला असता. ‘परिसर’सारख्या संस्थांना या अंतराची जाण होती, त्यांच्या मांडणीत गरीब सायकलस्वाराचा उल्लेख सातत्याने येतो. परंतु एखाद्याच्या वतीने बोलणे आणि त्याने स्वतः बोलणे यांत जो फरक साहित्यात पडतो, तोच येथेही पडला.

२०१७ च्या आराखड्याचे मोल या पार्श्वभूमीवर ठरवावे लागते. तो तयार करताना नागरिकांच्या सूचना घेतल्या गेल्या, केवळ मार्गच नव्हे तर उभी करण्याच्या जागा आणि भाड्याच्या सायकली यांचाही विचार झाला, हे त्याचे गुण. त्याच डिसेंबरात विद्यापीठाच्या आवारात आणि औंध भागात ‘पेडल’ नावाने भाड्याच्या सायकली आल्या; ओफोच्या पिवळ्या, मोबाइकच्या नारिंगी सायकली मागून आल्या. दूरध्वनीवरच्या खुणेने कुलूप उघडावे, हवे तेथे सोडून द्यावी, अशी सोय. तरुणांनी तिचे स्वागत केले. पण ओफोने २०१८ सालीच देश सोडला, मोडतोड आणि चोरीच्या वार्ता वाढल्या, आणि अल्पकाळातच हे रंगीबेरंगी पर्व ओसरले. खडूने फळीवर वेळ मांडणारा जुना दुकानदार सायकल कोणी नेली हे चेहऱ्याने ओळखत असे. नव्या व्यवस्थेत सायकलीला मालक होता. तिच्याकडे लक्ष ठेवणारे माणूस नव्हते. २०१८ साली शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे जाहीर झाले. वाहनसंख्येचा तो आकडा वृत्तपत्रांनी ठळक छापला. सायकली किती, हा रकाना त्यात नव्हता.

सध्या पुण्यात दोन सायकली दिसतात. एक पहाटे सिंहगड रस्त्याने, खडकवासल्याकडे जाते: हलक्या धातूची, अनेक गिअरांची, स्वाराच्या डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात तंग रंगीत पोशाख. तिची किंमत ऐकून बेळगावचे सातशे रुपये आठवतात. शंभर-सव्वाशे वर्षांनी पायगाडी पुन्हा तिच्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे आली आहे. दुसरी त्याच पहाटे उलट दिशेने, शहरात येते: काळी, घंटी नसलेली, कॅरियरला जेवणाचा डबा. पहिल्या सायकलस्वारांच्या मंडळ्या आहेत, मोहिमा आहेत, त्यांच्यातूनच उद्याचे मार्ग मागणारे निघतील हेही खरे. परंतु मार्ग आखताना टेकडीकडे जाणारा रस्ता आधी डोळ्यांसमोर येतो की बांधकाम मजुरांच्या वस्तीकडून येणारा, यावर तो मार्ग कोणाचा ते ठरेल.

२०२० च्या टाळेबंदीत बसगाड्या थांबल्या तेव्हा ही दुसरी सायकल काही आठवडे सर्वांना दिसली. देशभर मजूर तिच्यावर बसून शेकडो कोस दूर गावाकडे निघाले. त्याच वर्षी ३ जून रोजी, जागतिक सायकलदिनी, ॲटलस कंपनीने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला. ज्या काळ्या सायकलींवर पुण्याच्या दोन पिढ्या कामावर गेल्या, त्यांपैकी बऱ्याच याच नावाच्या होत्या.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे आणि परिसरात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून डोक्यावर घेणाऱ्या या शहराला शर्यतीचे नवल नव्हते. परदेशी स्वारांचे होते. तिच्या नावाआधी ‘बजाज’ हे नाव जोडलेले होते. शर्यत जाईपर्यंत मोटारी, स्कूटरी थोपवून धरल्या गेल्या आणि सायकलीला अख्खा रस्ता मिळाला. ती पुढे गेल्यावर वाहतूक सोडण्यात आली, आणि डबा लावलेल्या सायकली पुन्हा डावी कड धरून चालू लागल्या.